म्युनिसिपल कमिशनर जोतीराव फुले: पुणे नगरपालिकेतील एका सभासदाचं प्रकरण

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगासाठी लेखी निवेदन दिलं. त्याखाली सही करताना त्यांनी स्वतःची ओळख अशी दिली आहे: व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर, पेठ जुना गंज, पुणे. चौतीस वर्षांपूर्वी मुलींची शाळा काढणारा माणूस शिक्षण आयोगापुढे उभा राहतो आणि सहीखाली ना शाळेचा उल्लेख करतो, ना सत्यशोधक समाजाचा. शाळांबद्दल निवेदनाच्या सुरुवातीला सांगून झालं होतं, हे खरं. तरीही सहीसाठी निवडलेल्या या तीन ओळखींमधली तिसरी आपल्या पाठ्यपुस्तकांतून जवळपास गायब आहे. तेव्हाचा म्युनिसिपल कमिशनर म्हणजे आजचा आयुक्त नव्हे, तर नगरपालिकेचा सभासद. आपल्या भाषेत नगरसेवक.

फुले १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेत होते. या लेखाचा विषय तेवढाच आहे: हा सभासद सभागृहात आला तेव्हा पाठीशी काय घेऊन आला, तिथे त्याने काय केलं, आणि ज्या संस्थेत तो बसला तिच्याबद्दल त्याचं मत काय होतं. शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आधी त्या नगरपालिकेविषयी. पुण्याची नगरपालिका १८५७ची. शहर तेव्हा लहान, लष्कराचा भाग सोडला तर वस्ती लाखाच्या आसपास. पेशवाई जाऊन साठ वर्षं होत आली होती. सभासद निवडून येत नसत, सरकार नेमत असे. सरदार, सावकार, पेन्शनर, वकील, सरकारला माहीत असलेले प्रतिष्ठित लोक, अशी ती यादी असायची. उत्पन्नाचा मोठा भाग जकातीचा. कामं म्हणजे रस्ते, दिवाबत्ती, सफाई, पाणी आणि थोड्याफार शाळा. अशा ठिकाणी नेमलेल्या सभासदाने काय करायचं असतं, हे कुणी लिहून ठेवलेलं नसलं तरी सगळ्यांना ठाऊक असतं. वर्षातून काही सभांना जायचं, साहेबाच्या सूचनेला मान डोलवायची आणि नावापुढे एक पदवी लावायची.

मग सरकारने फुल्यांना का नेमलं असेल? समाजसुधारक म्हणून, असं आपण आज सहज म्हणतो. मला त्यांचा धंदा हे कारण तितकंच जवळचं वाटतं.

फुले कंत्राटदार होते, हे बऱ्याच जणांना ऐकून आश्चर्य वाटतं. घराणं मूळचं साताऱ्याकडच्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. पुण्यात पेशव्यांना फुलं पुरवण्याच्या कामावरून फुले झाले. वडील गोविंदराव फुलं-भाजीच्या धंद्यात होते. जोतीरावांचा जन्म १८२७चा. ते मराठी शाळेत गेले, मधे शाळा सुटली, शेतात काम केलं. मग शेजारच्या गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेबांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ ते १८४७ ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. १८४८ साली बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, सावित्रीबाई शिकवू लागल्या, १८४९ मध्ये नवराबायकोला वडिलांचं घर सोडावं लागलं. हा भाग महाराष्ट्राला पाठ आहे. मात्र शाळा चालवायला पैसा लागतो आणि घर चालवायलाही लागतो, या व्यवहाराकडे चरित्रांत कमी लक्ष गेलेलं दिसतं.

१८६३च्या सुमारास ते धातूचं ओतकाम करणाऱ्यांना लागणारं साहित्य विकत होते. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत त्यांचा वाटा होता. खडकवासल्याचं धरण सरकारने बांधायला घेतलं, तेव्हा त्या कामाला माल पुरवणाऱ्यांत ते होते. येरवड्याचा पूल हेही त्यांच्या नावावरचं काम. मांजरीला शेती होती, तीही कालव्याच्या पाण्यावर प्रयोग करणारी. म्हणजे १८७६ साली नगरपालिकेच्या टेबलाशी बसलेल्या फुल्यांना चुन्याचा भाव माहीत होता, मजुराच्या हातात खरोखर किती पडतं आणि मोजमाप लिहिणाऱ्याच्या वहीत किती चढतं हेही माहीत होतं. इंजिनिअरिंग खात्यातल्या कारकुनी लबाडीवर त्यांनी पुढे जे कडक लिहिलं, ते ऐकीव नव्हतं.

इथे आजचा वाचक चुळबुळ करेल, आणि त्याने करावीही. कंत्राटदार नगरसेवक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र येतं, ते काही चांगलं नाही. आज महापालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असेल तर कायद्याने नगरसेवकपद जातं. फुल्यांची ही प्रसिद्ध कामं सरकारी बांधकाम खात्याची होती, नगरपालिकेची नव्हेत, हा फरक लक्षात ठेवायला हवा. आणि धंद्यातला पैसा कुठे गेला तेही समोर आहे. १८६३ साली त्यांनी घराजवळ बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसलेल्या विधवांनी, त्यातही बहुतेक ब्राह्मण घरातल्या, तिथे यावं, बाळंत व्हावं, मूल ठेवून जावं. त्यातलंच एक मूल, यशवंत, फुले दांपत्याने दत्तक घेतलं.

पाण्याचा किस्सा मी जरा सविस्तर सांगतो, कारण तो थेट नगरपालिकेच्या विषयाला भिडतो. पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून दगडी नळाने शहरात पाणी आणलं होतं. ते पेठापेठांतल्या हौदांत पडे. वाडे आणि सार्वजनिक हौद या पाण्यावर चालत. हौद सार्वजनिक म्हणायचे, पण महार-मांगांनी त्यांना शिवायचं नाही. हद्दीबाहेर उभं राहून कुणी वरून ओतेल त्याची वाट बघायची. १८६८ साली फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. यात नगरपालिकेचा ठराव नव्हता, सरकारी हुकूम नव्हता. स्वतःच्या मालकीचं पाणी आणि स्वतःचा निर्णय. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात ४ ऑगस्ट १९२३ला मंजूर झाला, आणि महाडच्या नगरपालिकेने चवदार तळ्याबद्दल तसा ठराव केला जानेवारी १९२४ मध्ये. तोही कागदावर राहिला आणि ऑगस्ट १९२७ मध्ये त्याच नगरपालिकेने फिरवला. सार्वजनिक संस्थेचा ठराव आणि एका माणसाने घरचं दार उघडणं यांत किती अंतर असतं, ते या दोन घटना शेजारी ठेवल्या की कळतं. फुले नगरपालिकेत आले ते हे अंतर अनुभवून.

नेमणुकीचं वर्षही बघण्यासारखं आहे. १८७६ला दख्खनचा मोठा दुष्काळ सुरू झाला. सत्यशोधक समाज तेव्हा तीन वर्षांचा होता. नगरपालिकेचे नवे सभासद झालेले फुले १८७७ मध्ये धनकवडीच्या व्हिक्टोरिया बालाश्रमासाठी धान्य-पैसा मागत होते. दुष्काळात आईबापांनी सोडलेली, गाव सोडून आलेली मुलं तिथे जेवायची. सावित्रीबाई त्याच काळात जुन्नरकडच्या ओतूरला मदतीच्या कामात होत्या. हे काम सभासदाच्या अधिकारातलं नव्हतं. नगरपालिकेत पद मिळालं म्हणून लोकसेवा नगरपालिकेमार्फतच करायची, असा विचार त्यांच्या वागण्यात कुठे दिसत नाही.

आता सभागृहातल्या गोष्टी. त्यांच्या कारकिर्दीतले तीन प्रसंग चरित्रांतून वारंवार येतात.

पहिला व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागताचा. लिटन पुण्यात येणार, त्याला मानपत्र द्यायचं, शहर सजवायचं, त्यासाठी एक हजार रुपये मंजूर करा, असा प्रस्ताव आला. फुल्यांनी विरोध केला. हे हजार रुपये पुण्यातल्या गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं ते म्हणाले. मतं घेतली तेव्हा बत्तीस सभासदांत विरोधी मत त्यांचं एकट्याचं पडलं, असं चरित्रकार सांगतात. या प्रसंगाची तारीख अनेक ठिकाणी ३० नोव्हेंबर १८८० अशी छापलेली असते. लिटनने जून १८८० मध्येच रिपनकडे कारभार सोपवला होता, त्यामुळे ती तारीख उचलताना जपून.

या एका मताचा अर्थ लावताना आपण थोडी घाई करतो. फुल्यांनी विरोधी मत दिलं, ते ब्रिटिशविरोधी होते म्हणून नव्हे. इंग्रजी राज्यामुळे शूद्रातिशूद्रांना शिकायची संधी मिळाली, हे ते आयुष्यभर सांगत आले. उलट लिटनने १८७८ साली देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा केला, त्यावर पुण्यातल्या सुशिक्षितांत संताप होता, पुणे सार्वजनिक सभा ही संघटना जागी होती. आणि त्याच वर्गाची माणसं सभागृहात मुकाट्याने हात वर करत होती. फुल्यांचा आक्षेप राजकीय नव्हता, हिशेबी होता. जकात कोण भरतो? गाड्यावर धान्य, भाजी, गूळ घालून शहरात येणारा. त्या पैशातून कमानी उभ्या करायच्या का? सरकारने नेमलेल्या सभासदाने सरकारच्या सर्वोच्च पाहुण्याच्या स्वागताला विरोध करायचा, यासाठी लागणारी छाती वेगळीच. पुढे १८८८ मध्ये राणी व्हिक्टोरियाचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकरांनी दिलेल्या मेजवानीला फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि राणीची प्रजा म्हणजे ही जमलेली मंडळी नव्हे, असं पाहुण्यांसमोर बोलले. तेव्हा ते सभासद नव्हते. सवय मात्र नगरपालिकेपासूनची.

दुसरा प्रसंग दारूच्या दुकानांचा. जुलै १८८० मध्ये फुल्यांनी नगरपालिकेच्या व्यवस्थापक समितीचे प्रमुख प्लंकेट यांना पत्र लिहून शहरात वाढत चाललेल्या दारूच्या गुत्त्यांकडे लक्ष वेधलं. कुटुंबं उद्ध्वस्त होताहेत, आणि शहराच्या आरोग्याची जबाबदारी घेतलेल्या संस्थेने गप्प बसायचं का, असा त्यांचा रोख. मेख अशी की दुकानांचे परवाने सरकार देई, आबकारीचं उत्पन्न सरकारच्या तिजोरीत जाई आणि त्याचे परिणाम मात्र पेठांमध्ये. आजच्या नगरसेवकाला हे सांगायला नको. आपल्या हातात नाही असं उत्तर मिळेल हे माहीत असतानाही लेखी पत्र देऊन विषय दप्तरी लावायचा, ही त्यांची पद्धत होती.

तिसरा प्रसंग मंडईचा. शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात उघड्यावर भाजीबाजार भरायचा. तो उचलून शुक्रवार पेठेत मोठी दगडी इमारत बांधायची योजना आली. खर्चाचा आकडा तीन लाखांच्या घरातला. फुल्यांचा विरोध याही वेळी त्याच मुद्द्यावर: एवढा पैसा आधी शिक्षणावर घाला. गंमत अशी की हा माणूस माळी, घराण्याचा धंदा फुलं-भाजीचा, स्वतः शेतमाल पिकवणारा. भाजीच्या व्यापाऱ्याला छप्पर मिळतंय म्हटल्यावर जातभाईंच्या नावाने त्याने ठरावाला पाठिंबा दिला असता तर कुणाला नवल वाटलं नसतं. इमारत झालीच. १८८६च्या सुमारास ती सुरू झाली आणि गव्हर्नरच्या नावाने रे मार्केट म्हणून ओळखली जाऊ लागली.

या तिन्हींत त्यांच्या बाजूने निकाल एकाही ठिकाणी लागला नाही. आजच्या पद्धतीचा कार्यअहवाल छापायचा झाला असता तर फुल्यांच्या नावापुढे ना गटार, ना समाजमंदिर, ना नामफलक. नगरसेवक म्हणून ते निष्प्रभ ठरले असं कुणी म्हटलं तर निव्वळ ठरावांच्या मोजणीत त्याला खोडता येणार नाही. त्या मोजणीत मला फारसा रस नाही, कारण त्या सभागृहाकडून काय होईल आणि काय होणार नाही याचा अंदाज फुल्यांना इतर कुणाहीपेक्षा चांगला होता. तो अंदाज त्यांनी लिहून ठेवला आहे, आणि तो आहे हंटर आयोगाच्या निवेदनात.

या निवेदनातला गाजलेला भाग सर्वांना माहीत आहे: सरकारचा महसूल रयतेच्या घामाचा, त्यावर शिकतात वरच्या जातींची मुलं; किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा; शिक्षक शेतकरी वर्गातून घ्या, प्रशिक्षित शिक्षकाला बारा रुपयांपेक्षा कमी पगार देऊ नका, मोठ्या गावात पंधरा-वीस द्या; मोडी, बालबोध, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्यासोबत शेतीचं आणि आरोग्याचं प्राथमिक ज्ञान शिकवा. पुण्याबद्दल ते सांगतात की महार-मांगांची वस्ती पाच हजारांवर असताना त्यांच्यासाठी शाळा एकच, आणि तिच्यात मुलं तीसही नाहीत. हा आकडा नगरपालिकेच्या सभासदाने स्वतःच्या शहराबद्दल दिलेला आहे. साधारणपणे सभासद आपल्या गावचं झाकून ठेवतो.

पण नगरपालिकांविषयीचा परिच्छेद फारसा कुणी उद्धृत करत नाही. त्यात फुले म्हणतात की मोठ्या शहरांतल्या नगरपालिकांनी आपल्या हद्दीतल्या प्राथमिक शाळांचा सगळा खर्च उचलावा. खासगी इंग्रजी शाळांनाही ऐपतीप्रमाणे अनुदान द्यावं. आणि ही देणी कायद्याने सक्तीची करावीत, म्हणजे सभासदांच्या लहरीवर ठेवू नयेत. मात्र शाळांची व्यवस्था कोणत्याही परिस्थितीत पूर्णपणे नगरपालिकांच्या हवाली करू नये. देखरेख शिक्षणखात्याचीच हवी. स्थानिक बोर्डांबद्दल तर ते आणखी कडक आहेत: तिथे बसलेत अडाणी पाटील, इनामदार, सरदार, त्यांना निधीवर शहाणपणाने नियंत्रण ठेवणं जमणार नाही. सुशिक्षित, समजदार माणसं नेमली तर निधी त्यांच्याकडे द्यायला हरकत नाही, तेही कलेक्टर किंवा शिक्षणखात्याच्या मार्गदर्शनाखाली.

तारीख पुन्हा बघा. १८ मे १८८२ला लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव निघाला होता. देशभरातले सुशिक्षित तो डोक्यावर घेऊन नाचत होते. स्थानिक कारभार लोकांच्या हाती येणार, निवडणुका होणार. त्याच वर्षी सहा वर्षं आत बसलेला एक सभासद सांगतो आहे की पैसे यांच्याकडून घ्या, पण मुलांचं शिक्षण पूर्णपणे यांच्या हाती देऊ नका.

हा स्थानिक स्वराज्याला विरोध होता का? मला तसं वाटत नाही. मात्र हा रिपनच्या उत्साहातही सामील न होणारा सूर आहे. हजार रुपये कमानीला की शाळेला, तीन लाख इमारतीला की शाळेला, या प्रश्नांची उत्तरं आपल्या सहकाऱ्यांनी काय दिली ते फुल्यांनी समोर बसून पाहिलं होतं. मंडळ स्थानिक आहे एवढ्याने ते सर्वांचं होत नाही. निवडणूक आली तरी मतदार कोण? घरपट्टी भरणारे, मालमत्ता असलेले, शिकलेले. ज्यांची मुलं त्या तीस जणांच्या शाळेतही पोचली नव्हती, त्यांना मत नव्हतंच. फुल्यांच्या दृष्टीने दूरचं सरकारी खातं जवळच्या नगरपालिकेपेक्षा अधिक भरवशाचं होतं. आज विकेंद्रीकरण हा शब्द उच्चारला की सगळे माना डोलावतात. त्यांना हे टोचेल. टोचायला हवं. पण या भूमिकेची दुसरी बाजूही खरी आहे: शिक्षणखात्यातल्या पंतोजींवर फुल्यांनी स्वतःच १८६९ मध्ये झोड उठवली होती. ज्या खात्यावर एवढा राग, त्याच्याच हाती देखरेख ठेवा म्हणताना त्यांना दोन वाइटांतलं कमी वाईट निवडावं लागत होतं, आणि या निवडीचा ताण निवेदनात जाणवतो.

पुढे पुण्याच्या नगरपालिकेत फुल्यांचं नाव परत आलं ते वादातून. १९२५ साली ब्राह्मणेतर चळवळीतले केशवराव जेधे सभासद असताना फुल्यांचा पुतळा उभारण्याचा प्रस्ताव आला आणि शहरात रण माजलं. ब्राह्मण-ब्राह्मणेतर भांडण छापखान्यांतून कोर्टापर्यंत गेलं. नंतर आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना रे मार्केटचं नाव बदललं. ज्या इमारतीच्या खर्चाला फुल्यांनी विरोध केला, ती आज महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते. यावर विनोद करायचा मोह होतो; तो पुणेकरांनी आधीच करून झालाय.

शाळांचं काय झालं, हे मात्र कमी सांगितलं जातं. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची मुभा मिळाली. मुभा, सक्ती नव्हे. फुल्यांनी छत्तीस वर्षांपूर्वी नेमकी हीच फट बुजवायला सांगितली होती. पुण्यात विषय निघाला तो १९२०च्या आसपास, आणि भांडण कशावर? सक्ती फक्त मुलांना करायची की मुलींनाही. पैसा पुरणार नाही, आधी मुलांचं बघू, असं टिळकांच्या राष्ट्रीय पक्षाच्या मंडळींचं म्हणणं. विठ्ठल रामजी शिंदे, रमाबाई रानडे आणि शहरातल्या कितीतरी बायका मुलींसाठी रस्त्यावर उतरल्या. भिडे वाड्यातल्या शाळेला तेव्हा बहात्तर वर्षं झाली होती.

मग १९२३चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा आला. त्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे आणि त्यांच्या शिक्षण मंडळांकडे सोपवला. १८८२च्या निवेदनात पेठ जुना गंजच्या म्युनिसिपल कमिशनरने जे करू नका म्हणून सांगितलं होतं, जवळपास तेच.